खबर देणाऱ्याचे नाव

नरडाण्याच्या त्या लग्नात मला दाल-बाटीपेक्षा मोबाइलच्या रेंजची जास्त गरज होती. मंगल कार्यालयात एक काडी येईना, म्हणून भर एप्रिलच्या उन्हात गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि मोबाइलवर सोनगीरचं १९४० सालचं जन्माचं रजिस्टर उघडलं.

"अभ्यास? लग्नात?"

वर पाहिलं. पांढरा झब्बा, कपाळावर घाम, हातातला मोबाइल उंच धरलेला. तोही रेंजच शोधत आला होता.

"अभ्यास नाही. पणजी शोधतेय."

"कुठे हरवली?" तो हसला... आणि तेवढ्यावरच मी चिडायला हवं होतं. चिडले नाही, हे आज लक्षात येतं.

उलट त्याला सगळं सांगून बसले. माझे आजोबा हस्तीमल, आमचे आबा, त्र्याऐंशी वर्षांचे. आधी सोनगीरला, मग धुळ्यात किराणा दुकान. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईने इतकी माया लावली, की पहिलीचं नाव विचारायला आबांची जीभ रेटली नाही. आणि सावत्र आईही गेली तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. जुन्या गावांची रजिस्टरं आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रश्न — "चेलना, सापडलं का गं नाव?" दोन महिने मी सोनगीरचं पान न् पान पाहिलं. आबा त्यात जन्मलेच नव्हते.

"पहिलं बाळ ना?" तो म्हणाला. "मग सासरच्या गावात कशाला शोधताय? पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

दोन महिने डोळे फोडले, आणि एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

"माहेर कुठलं त्यांचं?"

"तेच तर माहीत नाही. जळगावकडचं, एवढंच."

"मग जळगावकडची गावं मी बघतो. मी मनन. जळगावला असतो, मूळचा नशिराबादचा. नंबर द्या." मग घाईघाईने — "रजिस्टरसाठी हो."

"रजिस्टरसाठीच," मी म्हणाले.

त्यानंतरच्या संध्याकाळी अजून आठवतात. सूर्यास्ताआधी दोन्ही घरची जेवणं आटोपायची आणि फोन वाजायचा. तो तिकडे, मी इकडे, समोर एकच पिवळं पान. कुणाला जुळं झालेलं, कुणी तापाने गेलेलं. अक्षर लागेनासं झालं की तो म्हणायचा, "मोठं करून बघ ना." अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही. एक गाव संपलं की त्याने मला एक प्रश्न विचारायचा, असं ठरलं होतं. मोगरा की सोनचाफा? रागावलीस की बोलतेस की गप्प बसतेस? मग मी मुद्दाम छोटी छोटी गावं निवडू लागले.

एके संध्याकाळी तो म्हणाला, "नशिराबाद झालं. नाही सापडलं."

त्या दिवशी त्याने प्रश्न विचारला नाही. पुढचे आठ दिवस फोनवर नुसतं हं... हो... बघू. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला तो आवडतो हे मला तेव्हाच, त्या मेल्या 'बघू'मुळे कळलं.

नवव्या दिवशी, रविवारी, तो धुळ्यात आमच्या दारात उभा. हातात दोन कागद.

"खोटं बोललो मी," तो पायरीवरच म्हणाला. "नशिराबादलाच सापडलं होतं."

पहिल्या कागदावर मुलगा, बापाचं नाव, गाव सोनगीर. आमचे आबा. त्या काळी आईचं नाव लिहीत नसत. शेवटच्या रकान्यात होतं — खबर देणाऱ्याचे नाव: छगनमल, मुलाचा मामा.

"छगनमल माझे पणजोबा," मनन म्हणाला.

आम्हा मारवाडी जैनांत लग्न जुळवताना नात्यातली काही घरं टाळतात. किती आणि कुठवर, हे मोठ्यांना ठाऊक. आम्हा दोघांना एवढंच कळलं, की आपण नात्यात निघालो.

"म्हणून लपवलंस?"

"आठ दिवस. वाटलं, एक नाव नाही सापडलं तर काय होतं... मग आबांचं वय आठवलं." तो खाली बघत राहिला. "मला तू हवी आहेस, चेलना. पण त्यांची आई दाबून ठेवून नको."

मला राग आला, रडू आलं, आणि तो अजूनच आवडला. त्याला आत नेलं, आबांना पहिला कागद वाचून दाखवला आणि मनन कुणाचा कोण ते सांगितलं.

दुसरा कागद मृत्यूच्या रजिस्टरचा होता, आबांच्या जन्मानंतर नऊ दिवसांनीचा; खबर देणारे तेच छगनमल. आबांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

"धनकुंवर. वय... एकोणीस." त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं ते उचलेनात. "चेलना, तुझ्यापेक्षा केवढी लहान होती गं."

मग त्यांनी मननकडे पाहिलं. "तू छगनमामाचा पणतू. मामाच्या घरचं पहिलं माणूस माझ्या दारात आलं. मग तोंड असं का पाडलंस?"

आम्ही एकमेकांना आवडतो आणि आता नातं आडवं आलंय, हे मीच सांगितलं. आबांपुढे, मान खाली न घालता.

आबांनी बोटं मोजायला घेतली. "मुलीचं स्वतःचं घर. तिच्या आईचं माहेर. आजीचं माहेर. आईच्या आईचं माहेर. घरं चारच टाळायची. माझी आई त्याच्या पलीकडची." मग मननकडे वळून, "आता तुझी चार सांग."

मननने अडखळत चार आडनावं सांगितली. त्यात आमचं एकही नव्हतं. आबा हसले आणि दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचे त्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बराबर शे." म्हणजे, सगळं बरोबर आहे.

आमच्या लग्नात आबा दोन्हीकडून मिरवले. कधी वधूचे आजोबा, कधी वराकडचे पाहुणे.

गेल्या थंडीत ते गेले. नोंद करायला मनन आणि मी महापालिकेत गेलो. फॉर्म त्यानेच भरला. आता त्यात आईच्या नावाचा रकाना असतो. मननने तिथे सावकाश, ठसठशीत अक्षरात 'धनकुंवर' लिहिलं आणि कागद मला दाखवला. मी मान हलवली.

पंच्याऐंशी वर्षांपूर्वी नशिराबादला बाळ जन्माला आलं, तेव्हा खबर द्यायला मामा गेला होता. मननचं पेन शेवटच्या रकान्यावर थांबलं — खबर देणाऱ्याचे नाव. त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

"मयताचे कोण तुम्ही?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

मननने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मामाच्या घरचा," तो म्हणाला.