तुटलेली बावीस सेकंदं

ममता मला आधी भेटली ती कानात. मी, जीवन, यवतमाळच्या स्टुडिओत, ती घाटंजीला एका संस्थेच्या खोलीत. तांड्यावरच्या मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या. नेहमीच्या बाई आजारी पडल्या, म्हणून हिला बसवलं. एक सॉफ्टवेअर तिचा आवाज इंटरनेटवरून माझ्याकडे जसाच्या तसा आणायचं. जसाच्या तसा म्हणजे — सगळंच.

"थांबा. हे कोंबडी कोणाची?" मी विचारलं.

"शेजारची."

"हाकला तिले."

"तुमीच हाकला नं, भाऊ. तुमचा आवाज लय चालते."

मी भिंतींना गोधड्या टांगायला लावल्या. पंखा बंद करायला लावला. बांगड्या काढायला लावल्या. तरी श्वास ऐकू यायचेच. मी बसून एकेक कापायचो.

"मॅडम, श्वास कमी घ्या."

"पंखा बंद केला, आता श्वासबी बंद करू?"

त्यात नेट. गोष्ट रंगात आली की लाइन जायची. मी टेबलावर हात आपटायचो. तीन महिने हेच. तरी सकाळी तिच्या आधी मीच हेडफोन घालून बसलेला असायचो… का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

शेवटच्या गोष्टीलाही लाइन गेली. परत आल्यावर तिने गोष्ट संपवली, "येते भाऊ" म्हणाली आणि गेली. मी वैतागून आवाज साफ करायला बसलो.

त्या सॉफ्टवेअरची एक सवय होती. लाइन तुटली तरी तिकडचं रेकॉर्डिंग चालूच राहायचं आणि तुटलेला भाग ते मागाहून पाठवायचं. हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या भागात बावीस सेकंदं जास्तीची होती.

एक लांब श्वास. मग ती —

"गेली लाइन… बरं झालं. जीवन, रविवारी मले पाहाले राळेगावचे पाहुणे येऊन राह्यले. घरी याडी-बाप म्हणतात, हो म्हण. तू कोंबडीचं विचारतं, पंख्याचं विचारतं… माह्यं काहून नाही विचारत?"

मागे कोंबडी.

मी हेडफोन टेबलावर टाकला आणि घाटंजीची एसटी पकडली.

ती पाठमोरी उभी राहून गोधड्या उतरवत होती.

"रविवारी नाही म्हण," मी दारातूनच म्हणालो.

आवाज ऐकून ती गर्रकन वळली. तिला मी प्रथमच पाहत होतो.

"तुमी? तुमाले कोणं सांगतलं?"

"सॉफ्टवेअरनं."

"लाइन तं गेलती!"

"तुटलेलं ते मागून भरते."

तिने गोधडीत तोंड लपवलं. मग भडकली. "हे आधी नाही सांगता येत, भाऊ?"

"भाऊ नोको म्हणू."

"मंग काय म्हणू?"

"सकाळी म्हटलं ते."

ती बराच वेळ गोधडीची घडी घालत राहिली. मग म्हणाली — हळू, पण म्हणाली.

सात वर्षं संसार झाला. भरपूर भांडलो, बहुतेक पंख्यावरून. ममता जाऊन आता आठ महिने झाले. तिच्या दोनशे गोष्टी माझ्याकडे आहेत, अगदी स्वच्छ. एकीतही तिचा श्वास नाही. मीच काढले, एकेक करून, मोठी हुशारी समजून. चीड येते स्वतःची.

श्वास आहे तो त्या बावीस सेकंदांत. ती मी कधी साफ केली नाहीत. कोंबडीही तशीच ओरडते त्यात. ओरडू दे.