कानाचा नंबर

वीस वर्षं मी बोअरच्या गाडीवर काढली. कॉम्प्रेसरच्या दणक्यानं कान कामातून गेले. नुसता बहिरा झालो असतो तर परवडलं असतं. तीन वर्षांपासून उजव्या कानात कुकरची शिट्टी लागल्यासारखा बारीक आवाज चालू होता. फरक इतकाच, की याचा गॅस बंद करता येत नव्हता.

पुण्याच्या एका दवाखान्यात यावर नव्या उपचाराचे प्रयोग सुरू होणार होते. मोजकेच रुग्ण घेणार होते. आठ महिन्यांपूर्वी नाव नोंदवून आलो. "नंबर लागला की फोन करू," म्हणाले. तेव्हापासून मोबाईल अंघोळीलाही सोबत असायचा. माझी बायको दिपाली आधी चेष्टा करायची. एकदा तिनं मला स्क्रू-ड्रायव्हर कानाशी नेताना पाहिलं. त्यानंतर तीही फोनची वाट बघू लागली.

मार्चमधल्या एका दुपारी तिसगावच्या माळावर गेलो. सूर्यभानतात्यांचा तिथला बोअर मीच पाडला होता. साडेपाचशे फूट, वर आला तो नुसता फुफाटा. पोरंबाळं पडू नयेत म्हणून त्याला झाकण बसवायचं होतं. मी पाइपाशी गुडघे टेकले आणि कानातला आवाज थांबला.

एकदम बंद. शेजारच्या रानात तुरीच्या शेंगा तडकत होत्या, ते ऐकू आलं. मला रडू कोसळलं. लाजही वाटली नाही.

मग सवयीनं पाइपात खडा टाकला. तो तळाला लागेपर्यंत आकडे मोजायचे, ही आमची रीत. सात-आठला आवाज यायला हवा. वीस झाले तरी खडा लागला नाही. मी पाइपाला कान लावला.

खालून शिट्टी येत होती. माझीच. तीन वर्षं जिच्यासोबत काढली, ती ओळखायला चुकणार कशी?

बोअरवाल्यानं पाइपाला कान लावला, की शेतकऱ्याला त्याचा एकच अर्थ कळतो. बांधावरून तात्या धावत आले.

"पानी हाय व्हय रं, कल्यान?"

"न्हाई तात्या. तुमी कान लावू नगा."

त्यांच्या नजरेत संशय दिसला. मी पाणी लपवतोय असं त्यांना वाटलं असणार. समजावून सांगणार, तेवढ्यात मोबाईल वाजला.

"अभिनंदन काका, तुमचा नंबर लागला," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. "आवाज अजून येतोय ना? थांबला असेल तर घेता येत नाही."

आता आली का पंचाईत! पाइपापासून लांब गेलो की आवाज परत येईल, म्हणून चालत सुटलो. दहा पावलं. पन्नास. बांध ओलांडला.

आला नाही.

"थांबला, मॅडम," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं.

"अरे वा! मग पुढचं नाव घेते." कागद चाळल्याचा आवाज आला. "हेही तिसगावचेच आहेत. सूर्यभान बन्सी गर्जे. तुमच्याच दिवशी येऊन नोंदवून गेलेत. ओळखता का?"

तात्या जन्मात कधी पुण्याला गेले नव्हते. कान तर खणखणीत.

मी वळून पाहिलं. ते पाइपाला कान लावून बसले होते.

"त्रास उजव्या कानाला," मॅडम वाचत होत्या.

तात्या सावकाश उठले आणि उजव्या कानात करंगळी घालून हलवू लागले.