चित्र उतरेपर्यंत

आसावरी दारातच थबकली. जयनगर फोर्थ ब्लॉकच्या बाजारात, फुलवाल्यांच्या रांगेमागे, ते इंटरनेटचं दुकान तिने पाटी वाचत वाचत शोधून काढलं होतं. आत गिऱ्हाईक एकही नव्हतं. एक उंच तरुण मात्र टेबलाखाली गुडघे टेकून बसला होता आणि एका छोट्या डब्याची विनवणी करत होता—

"लाग की गं माझे बाई... सकाळधरनं तुझेच लाड चाललेत की!"

डब्याने किर्र... ट्यूं... असा सूर लावला आणि पुन्हा गप्प बसला.

आसावरीला हसू आवरेना. पुण्याहून बेंगळूरला येऊन तिला वर्ष होत आलं होतं. भाजीवालीशी खुणा, रिक्षावाल्याशी हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी कानावर पडायची ती रविवारी आईचा फोन आला की. आणि इथे कुणी मोडेमची मराठीतून समजूत घालत होता!

"फारच रुसलीय वाटतं," ती म्हणाली.

तो दचकून उठला आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. "आई गं—! तुम्ही... मराठी?"

"हो. लागलं का हो फार?"

"लागलं होतं, ते आत्ताच गेलं," डोकं चोळत तो म्हणाला आणि आपणच लाजला. "मी अवधूत. बेळगावचा. बसा की... स्वल्प थांबा, लाईन लागतेच."

लाईन लागेपर्यंत आसावरीने आपली अडचण सांगितली. ती हायस्कूलमध्ये नववीला भूगोल शिकवायची. पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र इतकं काळंमिट्ट छापलेलं, की मुलं त्याला वारूळ म्हणायची. पालकांनी शाळेला नवा कॉम्प्युटर दिला होता. पण फोनची तार एकच, आणि ती मुख्याध्यापिका वसुमती मॅडमच्या टेबलापाशी. आसावरीने पुष्कळ गळ घातली, तेव्हा मॅडमनी तिला एक तास दिला होता. त्या तासात मुलं काही शिकली, तर कॉम्प्युटर वर्गाचा. नाही शिकली, तर तो मॅडमच्या खोलीत जाणार, गुणपत्रकं टाईप करायला.

"आणि मुलं वाट बघताहेत हो," ती म्हणाली. "त्याला हात लावायला मिळेल म्हणून रोज नखं कापून येतात."

 अवधूतने खुर्ची पुढे ओढून दिली. "या टीचर. आज तुम्ही विद्यार्थी."

शोधायचं कसं, दाबायचं कुठे, परत यायचं कसं— त्याने सगळं न कंटाळता शिकवलं. ती चुकली की तो तिच्या हातातला माऊस कधी ओढून घेत नसे, नुसता म्हणे, "पुन्हा बघा की, घाई कुठं आहे?" चांगला शिकवणारा आसावरीला लगेच ओळखू यायचा. तिने त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

घाई खरंच नव्हती. चित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरायचं. आधी नुसतं आभाळ. मग धुराची एक कड. मग... बराच वेळ काहीच नाही. त्या रिकाम्या वेळात दोघं बोलायची. त्याची आजी कुंद्याचं, त्या बेळगावी मिठाईचं, दूध आटवताना कशी कुणाला बोलू देत नसे. तिचे बाबा शेजारच्या मुलांना अंगणात बसवून फुकट गणितं कशी शिकवत. कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, उभ्याउभ्या खायच्या हॉटेलातून, कॉफी यायची. पेल्यांमधून वाफ वर चढायची आणि पडद्यावर डोंगर खाली उतरायचा.

"आला का तुमचा लाव्हा?"

"अजून धूरच आहे."

"मग आणखी एक कॉफी सांगू?"

"सांगा... पण साखर कमी."

"बरोबर आहे. गोड बोलणारं माणूस शेजारी असलं, की साखर कमीच लागते."

 आसावरी पडद्याकडे बघत राहिली. अजून धूरच होता... पण तिचे कान चांगलेच तापले होते.

असे बरेच दिवस गेले. ती रोज शाळा सुटल्यावर यायची. शेवटच्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने सगळी पानं फ्लॉपीत साठवली आणि तिथेच उघडून पाहिली. चित्रं झकास दिसत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात नववीची मुलं खुर्च्यांवर, बाकांवर, एकमेकांच्या खांद्यांवर लवंडून बसली. मागच्या बाकावर वसुमती मॅडम, मांडीवर पर्स घेऊन. आसावरीने फ्लॉपी घातली. पान उघडलं. मजकूर आला. चित्राच्या जागी मात्र पांढरी चौकट, आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावरही तेच.

"मिस," पुढे बसलेल्या धनलक्ष्मीने हळूच विचारलं, "ज्वालामुखी कुठंय?"

 मागे पर्सची चेन वाजली. निघाल्याच वाटतं मॅडम... एका घटकेत सगळं संपणार होतं— मुलांचा कॉम्प्युटर, कापलेली नखं, सगळं. तेवढ्यात आसावरीच्या कानात शब्द उमटले— पुन्हा बघा की, घाई कुठं आहे?

तिने पुन्हा बघितलं. चौकट रिकामी होती. पण चौकटीखालचा मजकूर तर जागच्या जागी होता.

"ज्वालामुखी हरवलाय," ती मुलांना म्हणाली. "आपण त्याला शोधायचं. खाली जे लिहिलंय ते नीट वाचा, आणि चौकटीत काय असायला हवं ते काढून दाखवा. धनलक्ष्मी, तू वाच. मोठ्याने."

वर्गात एकदम गलबला उडाला. धनलक्ष्मी वाचू लागली. "तोंड बशीसारखं लिहिलंय, वाटीसारखं नाही!" "ए, राख वाऱ्याच्या दिशेला पडते, पुसून टाक ते!" "मिस, लाव्हा आधी वाहतो की आधी धूर?" एरवी एक ओळ वाचायला कुरकुरणारी मुलं तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायला लावत होती. मॅडमनी पर्समधून चष्मा काढला आणि वाकून शेजारच्या मुलाची वही पाहू लागल्या.

तास संपत आला, तेव्हा दारात अवधूत उभा दिसला. केस विस्कटलेले, घामाघूम, हातात फ्लॉपी.

"चित्रं वेगळी साठवावी लागतात," तो धापा टाकत म्हणाला. "पानाबरोबर येत नाहीत. काल दुकानात तार जोडलेली होती, म्हणून दिसली. आज एका गिऱ्हाइकाला सांगताना आठवलं, की तुम्हाला सांगितलंच नाही... दुकान तसंच टाकून आलो, टीचर."

मग खरे ज्वालामुखी उघडले. मुलांनी आपापल्या वह्या उंच धरल्या आणि एकच आरडाओरडा झाला— "माझं जुळलं!" "माझंही! बशी, बशी!"

वसुमती मॅडम उठल्या. "चित्र आधी दिसलं असतं, तर यांनी एक अक्षर वाचलं नसतं," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर इथेच राहू दे, आसावरी. फोन मात्र माझाच."

संध्याकाळी आसावरी दुकानात आली. अवधूत मान खाली घालून तारा गुंडाळत होता.

"चुकलो मी. सगळ्या गिऱ्हाइकांना पढवतो, आणि तुम्हालाच..."

"मलाच का नाही?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही हसला..."

"तुमच्या विसरण्याने माझा तास सोन्यासारखा झाला," ती म्हणाली. "आणि डगमगले तेव्हा तुमचंच वाक्य मदतीला आलं. मी आभार मानायला आलेय."

"थांबा, आणखी एक चूक आहे." त्याने तार खाली ठेवली. "त्या पानांवर लहान चित्रांचीही सोय होती. पटकन उतरतात ती. मी मुद्दाम... मोठीच लावत होतो. तुम्ही थोडा वेळ जास्त बसावं म्हणून. आवडता तुम्ही मला, आसावरी. मनापासून."

पहिल्यांदाच त्याने तिला टीचर म्हटलं नव्हतं. बाहेर फुलवाली शेवंतीवर पाणी शिंपडत होती आणि तो ओला वास आत दरवळला होता.

"लहान चित्रासाठी इथे दाबा," आसावरी सावकाश म्हणाली, "असं तिथे चांगलं ठळक लिहिलं होतं. मी शिक्षिका आहे, अवधूत. मला वाचता येतं."

"म्हणजे तुम्ही..."

"मी दाबलं का कधी?"

 तो इतका हसला, की फुलवालीने वळून पाहिलं.

"पुढचा धडा कुठला?" खुर्ची ओढत त्याने विचारलं.

"हिमनदी."

"ती फार हळू सरकते म्हणे."

"हो ना," आसावरी त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "मोठंच चित्र लावा."