मृत धरलेली आजी

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी ऐकीव सांगत नाहीये. मी त्या खोलीत होते.

सुट्टीची दुपार होती. लख्ख ऊन होतं.

आमची आत्या तिच्या लेकीकडे, म्हणजे माझ्या आतेबहिणीकडे राहायची. सगळ्यात वरच्या मजल्यावर. वॉकरशिवाय तिला एक पाऊल टाकता येत नव्हतं.

आत्या लहान असताना तिची आई, म्हणजे माझी आजी, मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. ती परत आलीच नाही. "आईचं काय झालं एवढं कळू दे, मग मी सुखाने डोळे मिटते," हे आत्याचं कायमचं पालुपद.

आमच्या दादाला वंशावळीचं वेड. आत्यासाठी त्याने जन्ममृत्यूच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, इस्पितळांची जुनी दप्तरं चाळली. आजीच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही.

त्या दुपारी तो वंशावळीचा भलामोठा छापील तक्ता घेऊन आला. आजीच्या चौकटीत लिहिलं होतं, मृत.

"कुठे गेली ती? कोणी पाहिलं?" आत्याने विचारलं.

"नोंद नाही गं मिळाली. पण वयाची शंभरी उलटली की मृत धरायचं. आमच्या कामात असंच चालतं."

"धरायचं? ती काय चोर आहे?"

मला हसू आलं. आत्या मात्र ढसाढसा रडायला लागली. "माझ्या आईला तू बसल्या जागी मारलंस रे!"

आणि तेवढ्यात...

मागच्या गच्चीतून आवाज आला. ओलं कापड पिळल्याचा.

मग ते फटकन झटकल्याचा.

आतेबहीण स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण आहे गच्चीत? मी तर आज कपडे धुतलेच नाहीत!"

गच्चीच्या दाराला आतून कडी होती. दादाने ती काढली.

बाहेर चिटपाखरू नाही. नुसती दोरी हलत होती... वारा नसताना. तिच्याखाली फरशी ओली होती.

"वरच्या मजल्यावरून गळत असेल," दादा म्हणाला.

"अरे शहाण्या, वर मजला आहे कुठे?" आतेबहीण म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दार लावून घेतलं, कडी घातली.

पलंगावर बसलेल्या आत्याचं रडू थांबलं होतं. "ते आधी खोड," ती म्हणाली.

दादाने पेन काढलं. आम्ही तिघं तक्त्यावर वाकलो. त्याने त्या शब्दावर काट मारली.

मागून आत्याचा आवाज आला. पण अगदी लहान मुलीसारखा...

"आले गं!"

आम्ही वळलो.

पलंग रिकामा. वॉकर जागच्या जागी. गच्चीची कडी तशीच घातलेली. बाहेर जायचं दार तर आमच्या समोरच होतं. तिथून कोणीही गेलं नव्हतं, शपथ.

पोलीस झाले, इस्पितळं झाली, विहिरीसुद्धा उपसून झाल्या. आत्या सापडली नाही.

या गोष्टीला काही वर्षं झाली. दादाने वंशावळीचं नावच टाकलं. नातेवाईक आतेबहिणीला समजावतात की बाई, आता गेली असं समज. ती त्यांना चक्क घराबाहेर काढते.

परवा मी तिच्याकडे गेले. गच्चीचं दार सताड उघडं होतं. कडी तर तिने काढूनच टाकलीये.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "अगं, लाव ते दार! काय आत येईल सांगता येतं का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आणि आई आली तर?"