आत्यांची बॅग कोण भरणार?

तीन बॅगा पोटभर जेवलेल्या पाहुण्यांसारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि चौथी मात्र तोंड वासून उपाशीच पडली होती... संध्याकाळी विमान होतं, दुपारी टॅक्सी दाराशी येणार होती, आणि तरीही तिच्यात एक साधा हातरुमालसुद्धा पडला नव्हता. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस मनात घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी त्यांच्या हातून अलगद निसटलं.

ती चौथी बॅग त्यांची होती.

भाचा एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायचा. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळानं त्याला बोलावून घेतलं होतं, आणि चौघांचे कागद, चौघांची तिकिटं एकदमच झाली होती. त्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पण कागदावर नाव असणं आणि मनात जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जन्मभर लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून राबलेल्या त्या बाईला कोणी शिकवायला नको होतं. खाटेवर नाव लिहिलेलं असतं, आणि भेटीच्या वेळी त्या खाटेपाशी कोणीच येत नाही... असं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

आणि या घराचा एक नियम होता. आत्यांचे वडील जहाजावर भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते. ते म्हणायचे, "आपली पेटी माणूस एक तर हावेनं भरतो, नाही तर भयानं. मायेनं भरायची, तर ती दुसऱ्यानंच भरायला हवी." म्हणून या घरात कोणी आपली पेटी आपण भरत नसे. आणि ज्याची पेटी, त्यानं तोंड उघडायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, मुक्कामाला पोचेपर्यंत आत डोकावायचं नाही. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटे. पण या जगात येताना तरी आपली शिदोरी आपण कुठं बांधून आणतो? बाळाच्या ओठांआधी आईच्या उरात दूध कोण ठेवून जातो? न मागता देणारा खरा तो एकच, आणि त्याच्या पंगतीत वाढायला शिकलेली माणसं ती घरची माणसं... आत्यांची यावर अढळ श्रद्धा होती.

तीनही बॅगा त्यांनीच भरल्या होत्या. यंत्राखाली गुडघ्यांवर रांगणाऱ्या भाच्याच्या पॅंटींना त्यांनी आतून दुहेरी कापड लावलं होतं. त्याच्या मुलीचं, चौदा वर्षांच्या त्या पोरीचं, घरातलं नाव वकीलबाई. ऊठसूट युक्तिवाद करणाऱ्या त्या वकीलबाईंचे रंग त्यांनी मोज्यांत गुंडाळून ठेवले होते. आणि सून, भाच्याची बायको... चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी ती अबोल बाई. वजन जास्त भरलं तेव्हा तिनं एक शब्द न बोलता आपल्या कामाच्या चिमट्यांची, कानशींची पेटी काढून माळ्यावर ठेवली होती. आत्यांनी ते पाहिलं होतं. सुनेचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं, पण मोकळं बोलणंही झालं नव्हतं. ही आपल्याला सोसते, इतकंच आत्यांना वाटे.

सगळ्यांच्या बॅगा भरून झाल्या, आणि आत्या वाट पाहू लागल्या. आज कोणीतरी आपलं कपाट उघडेल... आज नाही, तर उद्या. रोज सकाळी त्या उगाच खाली चक्कर मारायला जात, म्हणजे कोणाला चोरून भरायची तर भरता यावी. परतून आल्या की डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत. रिकामीच.

आज मात्र त्यांनी देवापुढे डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा निश्चय झाला होता. त्यांनी माळ्यावरून सुनेची पेटी काढली, भाच्याचा जड मीटर काढला, वकीलबाईंची मागे राहिलेली पुस्तकं काढली, आणि स्वतःच्या वाट्याचं सगळं वजन त्या तिघांच्या सामानानं भरून टाकलं. मग इस्पितळातल्या आपल्या जुन्या मेट्रनला फोन केला. निवृत्त नर्सच्या वसतिगृहात एक खाट मोकळी होती.

"एकटीच येणार?" मेट्रननं विचारलं.

"जगात आले तेव्हा तरी कोण होतं बरोबर?" आत्या हसून म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर पदर डोळ्यांना लावला.

दुपारी जेवणं उरकली. सून हात पुसत बाहेरच्या खोलीत आली आणि चौथ्या बॅगेपाशी बसली. तिच्या हातात चष्म्याची एक डबी होती. तिनं चेन जरा सरकवली, डबी आत सारली, आणि तिचा हात तिथंच थांबला. बोटांना आपल्याच कानशींची पेटी लागली होती. तिनं बॅग पुरती उघडली.

"अहो, इकडे या. आत्यांचे कपडे कुठं आहेत?"

"बॅगेत असतील," भाचा आतून म्हणाला.

"कोणी ठेवले?"

"कोणी म्हणजे? तू."

"मी नाही."

तो बाहेर आला. वकीलबाई आल्या. आत्या खिडकीशी उभ्या होत्या, त्या पाठमोऱ्याच राहिल्या.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "एकेक साक्ष होऊ दे. बाबा, तुम्ही का नाही भरली?"

"अगं, बायकांचं सामान... मला काय कळतं? मला वाटलं, तुझी आई भरतेय."

"आई?"

सून खाली मान घालून बसली होती. "मी बाहेरून आलेली. नियम या घराचा, आत्या या घराच्या. त्यांची बॅग भरण्याचा मान यांचा. तो मी कसा घेऊ? रोज त्यांच्या कपाटापर्यंत जायचे, आणि परत फिरायचे."

"छान. आणि मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी गुपित चाललंय, म्हणून मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे तीन आरोपी, आणि तिघंही निर्दोष. आत्याआजी, तू बोलायचंस ना गं!"

"ज्याची बॅग, त्यानं बोलू नये," आत्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या. "आणि आता बोलून काय? माझी सोय झालीय. वसतिगृहात ओळखीच्या बायका आहेत. तुम्ही सुखानं जा. सामान सगळं बसलंय, चौथ्या बॅगेचं भाडंही काढून ठेवलंय, काही मागे राहत नाही."

"तू मागे राहतेयस," भाचा म्हणाला.

"मी काय सामान आहे?"

भाचा तरातरा आत गेला. आत्यांचं कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज होईना. सून पाहायला गेली, तर तो उघड्या कपाटापुढे हात लोंबकळत ठेवून उभा होता. तिला पाहून तो पुटपुटला, "मला माहीतच नाही गं... हिला काय लागतं, मला काहीच माहीत नाही. हिनं मला वाढवलं, आणि मी..."

सुनेनं त्याला बाजूला केलं. तिनं कोणाला काही विचारलं नाही. मानेला लागणारी कडक उशी काढली. टाचेचं मलम, दोन डब्या. उजवीकडे खिसा असलेले दोन गाऊन, कारण आत्या डाव्या खिशात हात घालत नाहीत. रात्री पायांवर घ्यायची विटकी शाल. एकेक वस्तू तिनं नवऱ्याच्या हातावर रचली, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्या ते पाहत राहिल्या... सोसणारी माणसं असं पाठ करून ठेवत नाहीत. हे सारं हिनं कधी पाहिलं? कधी मनात साठवलं?

"त्या डबीत काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"जादा चष्मा. तुमचा तिथं फुटला तर? काचा मी घासल्यात. तेवढं ठेवायला हरकत नाही असं वाटलं."

आत्या खाटेवर बसल्या.

"एकदा माझी बॅग तुझ्या आईनं भरली होती," त्या भाच्याला म्हणाल्या. "मलाही बाहेरच्या इस्पितळानं बोलावलं होतं. काय भरलं होतं तिनं, मला ठाऊक नव्हतं. मग तो अपघात झाला... तुझे आईबाबा दोघंही गेले. ती बॅग मी माझ्या हातांनी उघडली, आणि रिकामी केली."

"का?"

"तू दाराशी उभा होतास."

भाचा जमिनीवर बसला, यंत्रापुढे बसतो तसा गुडघ्यांवर, आणि त्यानं लहानपणी ठेवायचा तसं आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मला कधी सांगितलं नाहीस," तो रडत म्हणाला.

"सांगायला ते काय कर्ज होतं? देवानं माझी एक पेटी काढून घेतली आणि तुला हातात दिलं. मी फायद्यात राहिले, वेड्या."

सूनही रडत होती, आवाज न करता. मग तिनं डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर बसली. "आत्या, मी या घरात आल्यापासून तुमचा शब्द मोडला नाही. आज मोडते. नियम आज बंद. तुम्ही तोंडानं सांगायचं. तुम्हाला यायचंय का? आणि काय काय हवंय?"

वॉर्डात शेकडो मुलांना आत्यांनी "काय हवं रे?" विचारलं होतं, त्यांना ते कोणीच विचारलं नव्हतं. उत्तराचा सरावच नव्हता.

"यायचंय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता, की वकीलबाईंनी कानाला हात लावला.

"कोर्टाला ऐकू आलं नाही."

"यायचंय. तुमच्याबरोबर यायचंय मला." आणि मग बांध फुटला. "माझी शिवणाची कात्री हवी. ती जाड कढई हवी, तिथली भांडी कशी असतील देव जाणे. माझ्या गाण्यांची वही तर हवीच. सकाळचा पहिला चहा आयता हवा... रोज नको, रविवारी. आणि विमानात खिडकीची जागा हवी."

"ऑब्जेक्शन. खिडकी माझी ठरलीय."

"फेटाळलं," आत्या म्हणाल्या.

सून हसली. इतकी मोकळी हसली, की आत्यांनी तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं, जणू ती आजच लग्न होऊन घरात आली होती.

मग त्या घरात काय धांदल उडाली! भाच्यानं आपला मीटर काढून फेकला, "तिथं इस्पितळ देईल." वकीलबाईंनी पुस्तकं शेजारी नेऊन दिली, त्यातलं एक दोनदा परत आणलं. सुनेची कानशींची पेटी मात्र आत्यांनी काढू दिली नाही. "ही राहील. माझ्याच बॅगेत राहील," त्या ठणकावून म्हणाल्या, आणि कढईच्या पोटात ती अशी नेमकी बसवली, की दोन्ही मिळून एकच वस्तू वाटावी. वजनकाट्यावर आत्यांची बॅग सगळ्यांत जड भरली.

वसतिगृहात फोन केला, तेव्हा मेट्रन म्हणाली, "म्हणजे खाट नको?"

"कोणा गरजवंतीला दे. माझी जागा घरातच निघाली."

टॅक्सी खाली येऊन हॉर्न वाजवू लागली. किल्ली मालकाच्या हाती गेली. जिन्यावरून भाचा दोन बॅगा घेऊन उतरत होता, सून एक, वकीलबाई एक, आणि वर पुन्हा तक्रार. आत्यांनी सवयीनं हात पुढं केला, तर तिघंही एकदम ओरडली, "नको!"

त्यांनी हात मागं घेतला. जन्मात पहिल्यांदा त्या एखाद्या घरातून काहीही न उचलता निघाल्या होत्या. मोकळे हात हलवत, ताठ मानेनं, सगळ्यांच्या पुढे, त्या पायऱ्या उतरून गेल्या.