मंगळवारची धडधड

त्याचा हात मी पहिल्यांदा धरला तो प्रेमानं नव्हे, भीतीनं. हृदयविभागाच्या बाकावर तो डोळे मिटून बसला होता. ईसीजीसाठी मी हाक मारली, तर हूं नाही की चूं नाही. मनगट धरलं... नाडीच नाही! मी असा आरडाओरडा केला की दोन नर्स स्ट्रेचर घेऊन धावत आल्या.

त्यानं एक डोळा उघडला. "अहो, छातीत पंप बसवलाय. रक्त सलग वाहतं, म्हणून नाडी लागत नाही." मग हळूच, "हात सोडलात तरी चालेल... नाही सोडलात तरी चालेल."

ईसीजी काढायच्या कामावर मला चारच दिवस झाले होते. लाजेनं अर्धी मेले, आणि वर त्याच्यावरच डाफरले, "झोपा काढायला दुसरी जागा नाही मिळाली?" चोराच्या उलट्या बोंबा!

तो पोहायला शिकवायचा. पण आता खांद्यावर पंपाच्या बॅटऱ्यांची पिशवी, पाण्यात उतरायची सोय नाही. "काठावरून ओरडतो," म्हणायचा. दर मंगळवारी तपासणीला यायचा. मी छातीला वायरी लावायचे, आलेख निघाला की त्याला दाखवत अखंड बडबडायचे. बुधवार उजाडला की पुढच्या मंगळवारची वाट बघायला लागायचे... कुणाला सांगू नका.

त्या मंगळवारी तो घामेजून आला. "आज छान दिसताय," म्हणाला. मशीनमधून कागद सरकू लागला आणि मी त्यावर वाकले. रुंद, उंच लाटा, एकीमागून एक धावणाऱ्या. असा आलेख असलेला माणूस एरवी बेशुद्धच पडतो. हा गप्पा मारत होता, कारण पंप रक्त ढकलत होता. पण त्या पंपाला रक्त पुरवायचं हृदयाच्या उजव्या बाजूनं, आणि ती किती वेळ तग धरणार? मी बेल दाबली. कागदाची घडी केली.

"आज दाखवत नाही? बडबडही नाही?"

"धडधडतंय का? कधीपासून?"

"शनिवारपासून."

"आणि फोन नाही केलात?"

"मला वाटलं..." तो अडखळला, "मंगळवार जवळ येतोय, म्हणून धडधडतंय. तुमच्यामुळे."

"वेड लागलंय का तुला? जिवावर बेतलंय!" मी ओरडले, आणि मला रडूच फुटलं.

"'तुला' म्हणालीस," तो पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टरबाई धावत आल्या. झोपेचं इंजेक्शन दिलं, मग विजेचा झटका. ताल सुधारला, आणि दहा मिनिटांत पुन्हा बिघडला. "पायाच्या शिरेतून हृदयापर्यंत तार नेऊन बिघाडाची जागाच जाळायची. आत्ताच," त्या म्हणाल्या.

"वाचेल ना?" मी विचारलं. त्या स्ट्रेचर ढकलत त्याला आत घेऊन गेल्या.

बाहेर त्याची आई जास्तीच्या बॅटऱ्या मांडीवर घेऊन बसली होती. "तूच ना गं ती मंगळवारची?" मी मान डोलावली. "हल्ली शर्टाला स्वतः इस्त्री करतो," ती म्हणाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. दार उघडलं की आम्ही दोघी ताडकन उभ्या राहायचो, नि कुणीतरी ट्रॉली ढकलत निघून जायचं. दिवसभर चुरूचुरू चालते ही जीभ माझी, पण नेमकं तेवढं एक त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायचं राहूनच गेलं तर? तीन तास मला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. मॉनिटरवर ताल आता नियमित होता. मी सवयीनं मनगट धरलं.

"धडधड गेली," तो म्हणाला.

मी मॉनिटरकडे पाहिलं. "सगळी?"

"सगळी. तुझ्याकडे बघतोय, तरी काही होत नाही." त्यानं माझी बोटं धरली. "आणि तरीसुद्धा वाटतंय, पुढचा मंगळवार फार लांब आहे."

"कशाला लांब? मी उद्या येते. परवा येते. रोज येते." मग म्हणूनच टाकलं, "मला तू हवा आहेस रे."

त्याच्या आईनं डोळे पुसले आणि बॅटऱ्या माझ्या हातात ठेवल्या. "मग हे शिकून घे. एका वेळी एकच बदलायची. दोन्ही एकदम कधी काढायच्या नाहीत, पंप थांबतो."

तो माझ्याकडेच बघत होता. मी एक काढली... एक लावली.