भरतवाक्य तेवढं राहिलंय

कियान पाटणकर यांचं पाच अंकी संगीत नाटक मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी पूर्ण झालं. एकवीस वर्षं, त्रेचाळीस पदं, दोन विदूषक आणि एक हत्ती, तोही पडद्याआड. नारळ वाढवला गेला, खोबरं-साखर वाटली गेली, पाटणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. पाटणकर तसंच धरून चालले होते. बुधवारी सकाळी चहाचा कप घेऊन ते टेबलाशी बसले, कोरा कागद पुढे ओढला आणि बायकोला म्हणाले, "मायरा, आता भरतवाक्य तेवढं राहिलंय बघ."

"हो का," मायराकाकू म्हणाल्या आणि कालचं उरलेलं खोबरं त्यांनी आमटीत घातलं.

कियान आणि मायरा ही नावं एके काळी फक्त बाळांना शोभायची. २०९३ साली ती गुडघ्यावर हात ठेवून उठणाऱ्या माणसांची नावं होती. आणि भरतवाक्य म्हणजे संगीत नाटकाच्या शेवटी सगळ्या नटांनी रांगेत उभं राहून म्हणायचं मंगल पद. ते लिहिलं की नाटक संपलं. त्याआधी पडदा पाडायची सोय नाही.

त्या काळात नाटक लिहायला वेळ असा कोणाला लागतच नसे. सांगलीच्या बसथांब्यावरचं यंत्रसुद्धा बस येईपर्यंत एखादं तीन अंकी प्रहसन लिहून द्यायचं, आणि ते बरं असायचं, हीच खरी पंचाईत होती. यंत्रांना एकच गोष्ट जमत नव्हती. काम संपल्यावर त्यांना काही वाटायचं नाही. ते वाटणं माणसाकडे शिल्लक होतं, म्हणून सरकारने ते जपायचं ठरवलं आणि हस्तपूर्ती कायदा केला. यंत्राला हात न लावता जो कोणी एखादं मोठं काम तडीस नेईल त्याला बक्षीस. बक्षिसाचे पर्याय दोन. पहिला, जोडीदारासह स्पितीच्या खोऱ्याची तीन आठवड्यांची सहल. देशात खरा बर्फ आता तेवढ्या एकाच खोऱ्यात पडायचा आणि तो पाहायला फक्त पूर्ती झालेल्यांना सोडत. दुसरा पर्याय, विसरणी.

मायराकाकूंना बर्फ पाहायचा होता. एवढंच. एकवीस वर्षांपूर्वी नांदीचं पद लिहिताना कियान म्हणाला होता, "हे झालं की तुला बर्फात नेतो." त्याच आठवड्यात त्यांनी दोन स्वेटर विणायला घेतले आणि पाचव्या आठवड्यात संपवले. त्यांना त्याबद्दल बक्षीस मिळालं नाही. स्वेटर हे मोठं काम नव्हे, असं पूर्ती कार्यालयाने लेखी कळवलं होतं.

विसरणीचं शास्त्र समजायला सोपं आहे. मायराकाकूंना ते डॉक्टर कुंदन राऊतांनी समजावलं होतं. राऊत जिल्हा पूर्ती कार्यालयातले मेंदूशास्त्रज्ञ. वय तिशीच्या आत, शर्टाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे.

राऊतांच्या म्हणण्याप्रमाणे मेंदू प्रत्येक अर्धवट कामाची एक गाठ मारून ठेवतो. काम संपलं की गाठ सुटते, आणि सुटताना जो सुखाचा लोंढा येतो तो मोजून अकरा मिनिटं टिकतो. माणसाने धरण बांधलेलं असो की लोणच्याची बरणी भरलेली असो, वेळ बदलत नाही. लोंढ्याचा जोर तेवढा कमीजास्त. बाराव्या मिनिटाला मेंदूत एक खूण उमटते, हे झालं, आता विचार करू नकोस. तिला शास्त्रज्ञ शेवटखूण म्हणत. शेवटखूण उमटली की त्या कामापासून पुन्हा सुख मिळत नाही, कितीही आठवा. विसरणी हे केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं यंत्र ती खूण पुसायचं आणि गाठ परत मारून द्यायचं. माणूस शेवटाच्या अलीकडच्या पायरीवर उभा. समोर तीच अकरा मिनिटं, अगदी कोरी.

यात एक छोटी अडचण होती. खूण पुसताना विसरणी घेतल्याची आठवणही जायची, आणि ती मागताना "फक्त एकदाच" म्हटल्याचीही.

पाटणकर नऊ वेळा फक्त एकदाच म्हणाले होते.

दर वेळी कार्यालयाची माणसं यायची, भरतवाक्याचा कागद मोहोरबंद करून न्यायची, फरशीवरच्या नारळाच्या शेंड्या झाडून काढायची आणि मायराकाकूंना सांगायची की पूर्तीआधी यांना काही बोलायचं नाही, कायद्याने मनाई आहे. मायराकाकू बोलल्या नाहीत. त्यांनी दर नारळाची डोळ्यांकडची करवंटी तेवढी मागे ठेवली आणि ट्रंकेत स्वेटरांच्या घडीत सारली. त्यांनी नऊ भरतवाक्यं ऐकली होती. चौथ्यात कियानने चक्क हिमालय आणला होता. सातवं इतकं सुरेख होतं की खोबरं किसता किसता त्यांचा हात थांबला. ते आता कार्यालयाच्या कपाटात होतं आणि अपूर्ण कामाचा भाग असल्याने कोणालाही वाचता येत नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात हवामान खात्याने एक साधं पत्रक काढलं. स्पितीमधील हिमवर्षाव येत्या फेब्रुवारीअखेर कायमचा थांबेल, नागरिकांनी नोंद घ्यावी. मायराकाकूंनी नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशी राऊतांच्या समोर जाऊन बसल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की यंदा यांना विसरणी नाकारा. राऊतांनी शेंगदाणे पुढे केले आणि सांगितलं की बक्षीस निवडायचा हक्क ज्याने काम केलं त्याचा आहे; बायकोच्या सांगण्यावरून तो काढून घेतला तर उद्या कोणीही कोणाचंही बक्षीस निवडेल.

"पण त्याला माहीतच नाही की त्याने नऊ वेळा घेतलंय."

"म्हणूनच तर त्यांची संमती दर वेळी ताजी असते, काकू. कायद्याच्या दृष्टीने याहून स्वच्छ संमती नाही."

"मग हे थांबायचं कधी?"

राऊतांनी खरोखर विचार केला. ते वाईट नव्हते. "एकदा पुरे, असं वाटायला एकदा घेतल्याचं आठवावं लागतं," ते म्हणाले. "आमच्याकडे आजवर कोणी थांबलेलं नाही. मिरजेचे एक गृहस्थ एकाच बागेतलं शेवटचं रोप लावतायत. एकेचाळीस वेळा झालं. दर वेळी आम्हाला ते रोप उपटून न्यावं लागतं."

मायराकाकूंनी मग विचारलं की ती विसरणी मला मिळेल का. यातली काही वर्षं पुसून द्या, म्हणजे मीही ताजी होईन.

"ती निर्मात्यांनाच मिळते. वाट पाहणं ही निर्मिती धरत नाहीत."

"एकवीस वर्षं हाताने पाहिली आहे. यंत्र लावलं नाही."

"कबूल. पण पूर्ण कुठे झालीय?"

उठता उठता मायराकाकूंनी एवढंच विचारलं की पूर्ती झाल्यावर आणि अर्ज भरायच्या आधी मी त्याला खरं सांगितलं तर गुन्हा होतो का. राऊतांनी नियम चाळले. त्या मधल्या वेळाबद्दल नियमात काहीच नव्हतं, कारण त्या वेळात कोणाला काही बोलावंसं वाटेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. पाटणकर एक ओळ लिहायचे, गुणगुणायचे, खोडायचे आणि म्हणायचे की शेवट घाईने उरकायचा नसतो. मायराकाकूंनी चौथ्या भरतवाक्यातला हिमालय त्यांच्या कानावर घालून पाहिला. ते म्हणाले, छान आहे, पण हा कोणीतरी आधी वापरल्यासारखा वाटतो.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला सकाळी पावणेअकरा वाजता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मायरा, झालं गं."

मायराकाकूंनी नारळ आणला. तो वाढवताना त्यांचा पहिला घाव दहाव्यांदा चुकला. या गोष्टीची सवय होत नाही, हे त्यांना कोणा शास्त्रज्ञाने सांगितलं नव्हतं. कियानने भरतवाक्य म्हणून दाखवलं. आवाज फाटका होता, चेहरा मात्र अठ्ठावीस वर्षांचा. त्या अकरा मिनिटांत तो इतका देखणा दिसायचा की मायराकाकूंना दर वेळी वाटायचं, असू दे, काय बिघडलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराव्या मिनिटाला त्याचे खांदे उतरले. त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि ठरलेलं वाक्य म्हणाला, "आता काय?"

"आता स्पिती," त्या म्हणाल्या. "पंचवीस दिवस आहेत. ट्रंक भरलेली आहे."

कियान अवघडला. त्याने कार्यालयाचं माहितीपत्रक ड्रॉवरमधून काढलं. तो म्हणाला की जाऊ की, नक्की जाऊ, पण हे जे आत्ता झालं ते इतकं होतं, मायरा, इतकं होतं, की एकदा, फक्त एकदाच परत...

मायराकाकूंनी ट्रंक उघडली. स्वेटर बाजूला केले आणि करवंट्या एकेक करून टेबलावर मांडल्या. दहावी अजून ओली होती.

कियानने त्या मोजल्या. मग परत मोजल्या. नाटककार होता; पुरावा बघून प्रसंग कळायला त्याला वेळ लागला नाही.

"मी दहा वेळा...?"

"हो."

"आणि तू दर वेळी नारळ..."

"हो."

"आणि दर वेळी मी बर्फाचं..."

"पुढच्या वेळी नक्की, असं म्हणालास."

एक करवंटी उचलून त्याने तिचे तीन डोळे बोटाने चाचपले. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्या नजरेवरून मायराकाकूंना वाटलं की जमलं. एकवीस वर्षांनी हा माणूस मला नीट दिसतोय आणि मी त्याला.

"नऊ वेळा मला एवढं सुख झालं," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि त्यातलं एकही माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे ते काय, तर तुला मी काय केलं ते." त्याने करवंटी खाली ठेवली. "हे घेऊन मी बर्फात कसा उभा राहू, मायरा? तूच सांग. प्रत्येक पाऊल टाकताना मला हे दिसणार."

"मग?"

"हे मला विसरायलाच हवं," कियान म्हणाला आणि पेन उचललं. "फक्त एकदाच. मग स्वच्छ मनाने जाऊ."

त्याने सही केली. अर्जात कारणासाठी एक रिकामी ओळ होती. त्यात त्याने लिहिलं, पत्नीच्या सुखासाठी.

कार्यालयाची माणसं अडीचला आली. शेंड्या झाडल्या, कागद मोहोरबंद केला. करवंट्या त्यांनी नेल्या नाहीत. घरगुती वस्तू नेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. गुरुवारी सकाळी कियान पाटणकर चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले, प्रसन्न होते, आणि भरतवाक्य तेवढं राहिलं होतं.

मायराकाकूंनी त्यांच्याच गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेतला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहिलं:

प्रति,
मा. महासंचालक, हवामान खाते.
विषय: हिमवर्षावास मुदतवाढ मिळणेबाबत.
महोदय,
आपल्या पत्रकानुसार स्पिती येथील बर्फ या महिनाअखेर कायमचा थांबणार असल्याचे समजले. अर्जदाराचे पती यांचे नाटक पूर्णत्वाच्या मार्गावर असून केवळ एक पद बाकी आहे. तरी सदर पद पूर्ण होऊन ते पूर्ण झाल्याचे त्यांच्या लक्षात राहीपर्यंत बर्फ पडत ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती. रोज पडला नाही तरी चालेल.
आपली विश्वासू,
मायरा कियान पाटणकर
सोबत: करवंट्या (नग दहा)